बोलणे हरवले, सांगणे नाही

१७ जून १७८३. लंडनमधल्या आपल्या घरी सॅम्युएल जॉन्सन यांना पहाटे तीनच्या सुमारास जाग आली. डोक्यात काहीतरी विचित्र होते आहे असे त्यांना जाणवले. १७५५ साली इंग्रजी भाषेचा गाजलेला शब्दकोश प्रसिद्ध करणारे ते हेच जॉन्सन. आता त्यांचे वय ७३ होते. आपली बुद्धी शाबूत आहे ना, हे तपासण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात एक प्रार्थना लॅटिन पद्यात रचली. ओळी काही फारशा चांगल्या उतरल्या नाहीत, हे त्यांचे त्यांनाच कळले. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, चांगले-वाईट कळते आहे, म्हणजे बुद्धी ठिकाणावर आहे. पण तोंडातून शब्द मात्र फुटत नव्हता.

सकाळी नोकर खोलीत आला. जॉन्सन यांनी त्याच्यासाठी एक चिठ्ठी लिहून ठेवली होती.  चिठ्ठी त्यांनी नोकराच्या हातात दिली. नोकर मात्र आला तोच बोलत बोलत. समोर बसलेला मालक तोंडाने सांगायचे सोडून हातात कागद का देतो आहे, हे त्याला लवकर उमगेना. पुढे मित्रांना व डॉक्टरांना निरोप गेले, उपचार झाले आणि काही दिवसांत जॉन्सन यांची वाचा बरीचशी परत आली. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतःच दोन दिवसांनी एका पत्रात लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो ठाऊक आहे.

या छोट्या प्रसंगात दोन माणसे आहेत. एकाजवळ सांगण्यासारखे आहे, पण शब्द नाहीत. दुसऱ्याजवळ शब्द भरपूर आहेत, पण थांबून पाहण्याची सवय नाही. वैद्यकाने पुढची जवळजवळ दोनशे वर्षे यांपैकी पहिल्याच माणसाचा अभ्यास केला. दुसऱ्याकडे लक्ष जायला विसावे शतक संपत यावे लागले. हे कसे घडले, त्याचा हा इतिहास.

वाचाघात म्हणजे काय?

मेंदूच्या भाषेशी संबंधित भागांना इजा झाल्यामुळे बोलणे, बोललेले समजणे, वाचणे आणि लिहिणे यांपैकी काही किंवा सगळ्याच क्रियांत जो बिघाड होतो, त्याला अफेजिया म्हणतात. मराठीत आपण त्याला वाचाघात म्हणतो. बहुसंख्य माणसांत हे भाग मेंदूच्या डाव्या अर्धगोलात असतात. मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यामुळे किंवा रक्तवाहिनी फुटल्यामुळे होणारा पक्षाघाताचा झटका हे वाचाघाताचे सर्वांत नेहमीचे कारण. अशा झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो. डोक्याला मार लागणे, मेंदूतील गाठ ही इतर कारणे.

वाचाघात काय नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. तो बहिरेपणा नाही. जीभ-ओठ लुळे पडल्याने उच्चार अस्पष्ट होतात, तोही वाचाघात नव्हे, जरी दोन्ही एकाच माणसात असू शकतात. आणि तो बुद्धिभ्रंश तर नाहीच. समोरच्या पेल्यात पाणी आहे हे कळते, तहान लागली आहे हे कळते, पाणी कोणाकडे मागायचे हेही कळते. फक्त ‘पाणी’ हा शब्द मिळत नाही, किंवा त्याच्या जागी भलताच शब्द तोंडात येतो. परक्या भाषेच्या प्रदेशात एकट्याने फिरताना आपली जी गत होते, तीच गत आपल्याच घरात, आपल्याच माणसांत व्हावी, तसे हे आहे.

पाच बोटे चार वेळा, आणि वर एक बोट

वाचाघाताच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ सहसा १८६१ सालापासून मानतात. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचे ५१ वर्षांचे गृहस्थ होते. तिशीच्या आसपास त्यांची वाचा गेली होती. बुटांचे लाकडी साचे करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. काहीही विचारले तरी ते एकच अक्षर दोनदा उच्चारत, ‘ताँ ताँ’. म्हणून सारे रुग्णालय त्यांना ‘ताँ’ म्हणूनच ओळखत असे. पुढे उजवा हात आणि मग उजवा पायही निकामी झाला. त्या पायाला गंभीर संसर्ग झाल्याने १८६१ च्या एप्रिलमध्ये त्यांना पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे आणण्यात आले. १७ एप्रिलला त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्यांचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळापुढे ठेवला. डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात इजा स्पष्ट दिसत होती. हा भाग आज ‘ब्रोकाचे क्षेत्र’ म्हणून ओळखला जातो. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवला आहे. २००७ साली आधुनिक तंत्राने त्याची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा इजा ब्रोका यांना वाटली होती त्यापेक्षा बरीच खोल असल्याचे दिसले.

एवढी गोष्ट बऱ्याच पुस्तकांत असते. ब्रोका यांच्या मूळ अहवालात मात्र आणखी एक तपशील आहे. त्यांनी लबोर्न्य यांना विचारले, “तुम्ही इथे किती वर्षे आहात?” लबोर्न्य यांनी डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. चार पंचे वीस आणि एक, एकवीस. उत्तर अगदी बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ब्रोका यांनी तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला, तेव्हा हा माणूस आपली परीक्षा घेतो आहे हे लबोर्न्य यांच्या लक्षात आले. ते संतापले, आणि ‘ताँ’ सोडून एक शिवी मात्र त्यांच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडली.

एकवीस वर्षे रुग्णालयात राहिलेला हा माणूस सहरुग्णांत रागीट, आपमतलबी म्हणून बदनाम होता. आपल्या खुणा समोरच्याला कळल्या नाहीत की ते चिडत. आज आपण विचारू की, तुमचे म्हणणे एकवीस वर्षे रोज चुकत असेल, तर तुम्ही काय कराल?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ललाँ नावाचे ८४ वर्षांचे दुसरे रुग्ण ब्रोका यांच्याकडे आले. त्यांच्याजवळ पाचच शब्द उरले होते. हो, नाही, नेहमी, अर्धवट उच्चारलेले स्वतःचे नाव आणि ‘तीन’. कुठलीही संख्या सांगायची झाली की ते ‘तीन’च म्हणत. “मुले किती?” तोंडाने ‘तीन’, बोटे चार. “मुलगे किती?” तोंडाने ‘तीन’, बोटे दोन. “मुली किती?” पुन्हा ‘तीन’, आणि बोटे दोन. दोन आणि दोन चार, हिशेब चोख. आपला शब्द चुकतो आहे हे त्यांना कळत होते, आणि ती चूक ते बोटांनी दुरुस्त करत होते.

ब्रोका हे बारकाईने पाहणारे होते, म्हणून त्यांनी बोटांचीही नोंद केली. पण नंतरच्या शास्त्राने उचलला तो मेंदूतील जागेचा शोध. बोटे मागे पडली. या विकाराला ब्रोका यांनी दिलेले नाव वेगळे होते. ‘अफेजिया’ हे नाव १८६४ साली आर्मां त्रूसो यांनी सुचवले आणि तेच रूढ झाले.

नकाशे काढणारे, आणि उरलेले मोजणारा

१८७४ साली ब्रेस्लाव येथील अवघ्या २६ वर्षांच्या कार्ल व्हेर्निके यांनी वाचाघाताचा दुसरा प्रकार मांडला. (हे शहर आज पोलंडमध्ये आहे.) या प्रकारात माणूस भराभर बोलतो, पण शब्द भलतेच येतात, आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला नीट समजत नाही. इजा असते ती मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, थोडी मागे. मग भाषेची केंद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा यांचे नकाशे काढण्याचे युगच सुरू झाले. या नकाशांनी मेंदूविज्ञानाला मोठी गती दिली. पण प्रत्येक नकाशात एकच डोके होते. बोलायला तर दोन डोकी लागतात!

त्याच काळात लंडनला जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन वेगळ्या दिशेने विचार करत होते. वाचाघाताच्या रुग्णाने काय गमावले एवढेच न विचारता, त्याच्याजवळ काय उरले आहे, असे त्यांनी विचारले. शब्दच नाही अशा रुग्णाच्या तोंडून रागाच्या भरात शिवी कशी निघते? जॅक्सन यांचे म्हणणे असे की, नुसते शब्द उच्चारणे म्हणजे बोलणे नव्हे. एखादी गोष्ट दुसऱ्याला कळावी म्हणून विचारपूर्वक वाक्य जुळवणे म्हणजे बोलणे. भावनेच्या भरात किंवा सवयीने निघणारे उद्गार हे वेगळे, जुने, मेंदूत अधिक पसरलेले कौशल्य आहे, म्हणून ते टिकते. आणि वाचा गेली म्हणजे विचार गेला, असे मानायला आधार नाही.

आपल्याकडेही वाचाघात झालेल्या आजोबांना ‘चहा’ हा शब्द सापडत नाही, पण पाढे म्हणता येतात, किंवा रोजच्या आरतीत त्यांचा सूर बरोबर लागतो. घरच्यांना हा चमत्कार वाटतो, नाहीतर संशय येतो की, “आरती येते, मग बोलायलाच काय होते?” जॅक्सन यांच्या विवेचनात या दोन्हींचे उत्तर आहे. पाठ असलेले म्हणणे आणि मनातले सांगणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आजोबा नाटक करत नाहीत, आणि हट्टही करत नाहीत.

अपयशाची भीती

पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेले हजारो तरुण रुग्णालयांत आले. ते वयाने लहान होते, बाकी शरीराने धडधाकट होते, आणि पुन्हा कामावर जाण्याची त्यांची धडपड होती. लंडनला हेन्री हेड यांनी अशा सैनिकांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९२६ साली दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात एक निरीक्षण ठळक आहे. रुग्णाला आज जमलेली गोष्ट उद्या जमेलच असे नाही, आणि एकदा चुकलेली गोष्ट पुढच्या मिनिटाला जमूही शकते. म्हणून ‘येते’ किंवा ‘येत नाही’ अशी नुसती खूण करून चालत नाही. थकवा, काळजी, प्रश्न विचारण्याची रीत, या सगळ्यांचा परिणाम उत्तरावर होतो.

जर्मनीत फ्रांकफुर्टला कुर्ट गोल्डश्टाइन मेंदूला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन करत होते. त्यांना असे दिसले की, झेपणार नाही असे काम पुढे आले की रुग्ण फक्त चुकत नाही, तो पार कोलमडतो. घाम फुटतो, चेहरा पडतो, तो चिडतो किंवा रडतो, आणि एरवी सहज येणाऱ्या गोष्टीही त्यानंतर काही वेळ त्याला जमत नाहीत. गोल्डश्टाइन यांनी याला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘आपत्तीसारखी प्रतिक्रिया’ असा होतो. असा अनुभव दोन-चार वेळा आला की माणूस त्यापासून स्वतःला वाचवू लागतो. तो आपले जग लहान करून घेतो. जिथे चुकण्याची शक्यता आहे तिथे जायचेच टाळतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, याची बुद्धी मंद झाली किंवा याला कशात रस उरला नाही.

गोल्डश्टाइन ज्यू होते. १९३३ साली नाझी राजवटीने त्यांना अटक केली. सुटकेनंतर त्यांना देश सोडावा लागला, आणि आपला मुख्य ग्रंथ त्यांनी अ‍ॅमस्टरडॅमला निर्वासित असताना लिहिला. तो १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे हे निरीक्षण आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. शब्द न मिळणे ही एक इजा, आणि न मिळण्याची भीती ही दुसरी. पहिली मेंदूत होते. दुसरी माणसामाणसांत होते.

दुसऱ्या महायुद्धात रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांच्याकडे झासेत्स्की नावाचा तरुण आला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. १९४३ साली डोक्यात गोळी घुसून त्याचे वाचणे, लिहिणे, आठवणे, दिशा कळणे असे सारेच विस्कटले. एकेक अक्षर आठवून लिहायला तो बसला की अडकत असे. मग हात न उचलता, अक्षरांचा विचार न करता, सवयीने लिहून पाहा असे त्याला सुचवण्यात आले, आणि हात चालू लागला. स्वतः लिहिलेले वाचणे त्याला अतिशय जड जाई, तरीही सुमारे पंचवीस वर्षे लिहीत राहून त्याने जवळजवळ तीन हजार पाने लिहिली. लुरिया यांनी ती संपादित करून १९७१ साली पुस्तकरूपाने पुढे आणली. कित्येक दिवस तर त्याच्या हातून जेमतेम काही ओळीच होत. ज्याला चाचणीत मोजकेच गुण मिळाले असते, त्याच्याजवळ सांगण्यासारखे तीन हजार पाने होते.

गुण, आणि शेजारी

युद्धानंतर वाचोपचार हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून वाढला. अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत वाचाघाताच्या प्रमाणित चाचण्या तयार झाल्या. चित्रातील वस्तूचे नाव सांगा, वाक्य ऐकून पुन्हा म्हणा, सूचनेप्रमाणे करा, आणि मग गुणांची बेरीज. या चाचण्या आवश्यक होत्या आणि आजही आहेत. त्यांच्याशिवाय सुधारणा होते आहे की नाही हे सांगता येणार नाही. पण शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको की, परीक्षेत जे मोजले जाते तेच हळूहळू शिकवले जाऊ लागते. उपचार म्हणजे चित्रांची पत्ते आणि नावांची घोकंपट्टी, असे ठिकठिकाणी झाले.

याच सुमारास इंग्लंडमधल्या एका खेड्यात वेगळेच काही घडत होते. अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांना १७ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वेळी त्या गरोदर होत्या. सुमारे तीन आठवडे त्या बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्यावर उजवी बाजू लुळी आणि भाषा विस्कळीत. पती रोआल्ड डाल हे प्रसिद्ध लेखक. ते त्यांना ग्रेट मिसेंडन या आपल्या गावी घेऊन आले. तिथे शेजारीपाजारी पाळीपाळीने येऊन रोज कित्येक तास त्यांच्याबरोबर बसू लागले. वस्तूचे नाव घेतल्याशिवाय ती वस्तू द्यायची नाही, अशी डाल यांची कडक शिस्त होती, आणि तिच्यावर पुढे टीकाही झाली. येणाऱ्यांमध्ये व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या शेजारीण होत्या. त्यांच्याजवळ वाचोपचाराचे शिक्षण नव्हते. त्यांनी कोडी, खेळ, गप्पा आणि नील यांच्या आवडीचे विषय घेऊन शब्दांना वाट करून दिली. लहान मुलाचे धडे प्रौढ माणसाला द्यायचे नाहीत, हे त्यांनी पक्के ठरवले होते. १९६७ साली नील यांनी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या समारंभात भाषण केले. १९६८ च्या त्यांच्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. १९७० साली ग्रिफिथ यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले, आणि त्यातून ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली.

प्रत्येकाला नील यांच्यासारखी सुधारणा होत नाही. इजा किती आणि कुठे, यावर पुष्कळ अवलंबून असते. पण एक गोष्ट सिद्ध झाली. ज्यांना औषध देता येत नाही, त्या साध्या माणसांनाही इथे करण्यासारखे काही आहे.

प्रश्न उलटा फिरला

अमेरिकेतील ऑड्री हॉलंड या संशोधिकेने १९७० च्या दशकात चाचणीची खोली सोडून रुग्णांच्या घरचा रस्ता धरला. वाचाघात असलेल्या चाळीस जणांबरोबर त्यांच्या रोजच्या व्यवहारात प्रत्येकी दोन तास राहून नोंदी घेण्यात आल्या. निष्कर्ष असा की, ही माणसे बोलतात त्यापेक्षा कितीतरी चांगले कळवतात. हातवारे, चेहरा, सूर, जवळची वस्तू दाखवणे, अर्धवट शब्द, असे हाती लागेल ते साधन वापरून ती आपले म्हणणे पोचवतात. १९८० साली हॉलंड यांनी नव्या प्रकारची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात डॉक्टरकडे जाणे, खरेदी, फोन अशा रोजच्या प्रसंगांची लुटुपुटूची मांडणी असते. शब्द बरोबर आला का, याला महत्त्व नाही. निरोप पोचला का, हे पाहायचे. ललाँ यांच्या बोटांना आता कुठे गुण मिळू लागले!

पुढचे पाऊल कॅनडात पडले. टोरोंटोत पॅट अराटो यांच्या पतीला पक्षाघातानंतर वाचाघात झाला होता. रुग्णालयातील उपचार संपले, पण वाचाघात संपला नव्हता. मित्र येईनासे झाले होते. म्हणून १९७९ साली अराटो यांनी वाचाघात असलेल्यांसाठी एक केंद्र सुरू केले. तिथे काम करणाऱ्या ऑरा केगन यांनी १९९० च्या दशकात एक पद्धत मांडली. तिचा पाया असा. आपण एखाद्याला हुशार कशावरून समजतो? तो बोलतो त्यावरून. वाचाघातात हेच दार बंद होते. म्हणून आत असलेली समज बाहेर दिसत नाही, लोक त्याला लहान मूल समजून बोलतात, आणि तो बोलायचेच सोडतो. तेव्हा समोरच्याने दोन कामे करावीत. ‘तुम्हाला कळते हे मला ठाऊक आहे’ याची खात्री द्यावी, आणि कळलेले बाहेर काढायला साधने पुरवावीत.

केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. चाळीस स्वयंसेवक घेतले. त्यांच्यापैकी वीस जणांना ही पद्धत शिकवली. उरलेल्या वीस जणांना वाचाघात असलेल्या माणसांचा नुसता सहवास मिळाला. मग प्रत्येकाचा वाचाघात असलेल्या एकेका व्यक्तीशी झालेला संवाद तपासला. प्रशिक्षित स्वयंसेवकांचे कौशल्य वाढले, यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्यांच्याशी बोलणाऱ्या, वाचाघात असलेल्या व्यक्तींचेही संवादाचे गुण वाढले, आणि त्यांना तर काहीच शिकवले नव्हते! त्यांचा मेंदू तोच होता, शब्दही तेवढेच. बदलला होता तो ऐकणारा.

यानंतर ‘किती शब्द येतात?’ याच्या जोडीला ‘बोलायला किती धीर होतो?’ हा प्रश्नही शास्त्राच्या कक्षेत आला. २०१० साली शिकागोच्या एडना बॅबिट आणि लिओरा चर्नी यांनी संवादातील आत्मविश्वास मोजण्यासाठी दहा प्रश्नांची एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात उत्तर देतात ती स्वतः वाचाघात असलेली व्यक्ती. लोकांशी बोलण्याची, बोलण्यात टिकून राहण्याची, स्वतःचे निर्णय स्वतः सांगण्याची तुम्हाला कितपत खात्री वाटते, अशा धर्तीचे हे प्रश्न आहेत. लबोर्न्य यांना हे कोणी विचारले असते, तर बोटांनी का होईना, त्यांनी उत्तर दिलेच असते.

याचा अर्थ नुसत्या धीराने वाचाघात बरा होतो, असा मात्र नव्हे. वाचोपचारांचा उपयोग होतो हे २०१६ साली ५७ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातही दिसून आले. आत्मविश्वास हा उपचाराला पर्याय नाही. पण उपचारात मिळवलेला शब्द घराबाहेर वापरायचा की नाही, हे आत्मविश्वास ठरवतो. आणि वापरलाच नाही, तर तो शब्द टिकणार कसा?

आपल्या घरात

भारतात वाचोपचाराचे पद्धतशीर शिक्षण १९६० च्या दशकात सुरू झाले. मुंबईचे नायर रुग्णालय आणि १९६५ साली म्हैसूरला स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही त्यांतील आरंभीची ठिकाणे. आपल्यापुढे एक जास्तीची गुंतागुंत आहे, ती अनेक भाषांची. घरात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी असा व्यवहार करणाऱ्या माणसाला वाचाघात झाला, तर कोणती भाषा आधी परत येईल? फ्रान्सच्या आल्बेर पित्र यांनी १८९५ साली म्हटले होते की, आजारापूर्वी जी भाषा सर्वांत सरावाची होती ती आधी येते. नंतरच्या नोंदींवरून दिसते की, बहुतेकांच्या भाषा साधारण बरोबरीने सुधारतात, पण काहींत एखादीच पुढे सरकते. म्हणून एकाच भाषेतील चाचणीवरून ‘काही येत नाही’ असे ठरवू नये, आणि सापडलेला शब्द हिंदी असेल तर ‘मराठीत सांगा’ असा आग्रह धरू नये. निरोप पोचल्याशी कारण!

एकत्र कुटुंबात माणसे भरपूर असतात, ही जमेची बाजू. पण गलकाही भरपूर असतो, आणि ‘त्यांना काय म्हणायचे ते मी सांगते’ म्हणणारेही असतात. प्रेमापोटीच, पण दुसऱ्याचे वाक्य आपण पुरे केले की त्याची बोलण्याची संधी जाते. याऐवजी काय करता येईल?

दूरदर्शन संच बंद करून समोर बसावे. वाक्य लहान ठेवावे, पण सूर मोठ्या माणसाशी बोलण्याचाच असावा. आवाज चढवू नये, कारण कान ठीक आहेत. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. जवळ कागद-पेन्सिल ठेवावी, मुख्य शब्द ठळक लिहावा, ‘हो’ आणि ‘नाही’ लिहून ठेवून बोट ठेवायला सांगावे. चित्र, नकाशा, कॅलेंडर, घरच्यांचे फोटो, सगळे उपयोगी. मग थांबावे. कळले असेल तर ‘तुम्हाला असे म्हणायचे आहे ना?’ म्हणून खात्री करून घ्यावी. कळले नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. कळल्याचे सोंग आणू नये, कारण ते लगेच ओळखू येते.

आणि वर्गातही

हा सगळा इतिहास शिक्षकांना थोडा ओळखीचा वाटेल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी फक्त एक सेकंद थांबतात, आणि मग दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. हा वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, अधिक विचाराची झाली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. त्या मुलांना वाचाघात नव्हता, आणि दोन्ही गोष्टी एक नाहीत. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. बोलणाऱ्याचा धीर काही अंशी ऐकणाऱ्याच्या हाती असतो.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी घरी आज असे आजोबा किंवा आजी असतील. मेंदूचा पाठ शिकवताना ब्रोकाचे क्षेत्र फळ्यावर दाखवाल, तेव्हा लबोर्न्य यांच्या बोटांचीही गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्या संध्याकाळी एखादे मूल कागद-पेन्सिल घेऊन आजोबांच्या शेजारी जाऊन बसेल. ‘घाई नाही, आजोबा, मी थांबतो’, असे म्हणायला त्याला वैद्यकाची पदवी लागणार नाही.